पेशीची संरक्षक जनुके कशी चालू होतात: एनआरएफ-२ मार्गावर पहिला प्रयोग करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

नवी मुंबईतील एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला प्रकल्पासाठी विषय मिळाला तो असा: ऑक्सिडेटिव्ह ताण (ऑक्सिजनच्या अति क्रियाशील रेणूंचा मारा) आला की पेशी आपली संरक्षक जनुके कशी चालू करते, ते प्रयोगाने दाखवा. विषय ऐकायला सोपा वाटला आणि सहा महिने भरपूर वाटले. त्यांपैकी पहिले साडेतीन महिने मी ज्या चुकांत घालवले, त्या एखाद्या सिनियरने चहा पिता पिता सांगितल्या असत्या तरी टळल्या असत्या. ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातील महाविद्यालयांत दरवर्षी कोणीतरी याच विषयाला हात घालतो, म्हणून ते सगळे येथे क्रमाने मांडत आहे. पेशी वाढवण्याचे प्राथमिक काम तुम्हाला येते असे मी गृहीत धरले आहे.

१. आधी यंत्रणा कागदावर काढा

पिपेट हातात घेण्यापूर्वी एक आकृती स्वतःच्या हाताने काढा, कारण पुढचे जवळजवळ सगळे निर्णय तिच्यावरून ठरतात.

एनआरएफ-२ हा प्रतिलेखन घटक आहे, म्हणजे डीएनएवर बसून ठरावीक जनुके चालू करणारे प्रथिन आहे. १९९४ मध्ये युएट वाय कान यांच्या गटाने त्याची ओळख पटवली. १९९७ मध्ये हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत विषहरण करणारी विकरे नेहमीसारखी वाढत नाहीत असे दिसले, आणि १९९९ मध्ये जपानमधील मासायुकी यामामोतो यांच्या गटाने त्याला रोखून धरणारे प्रथिन, कीप-१, शोधले.

शांत स्थितीतही पेशी एनआरएफ-२ सतत तयार करत असते. फक्त तो टिकत नाही. कीप-१ ची जोडी त्याला दोन ठिकाणी धरते, एका ठिकाणी घट्ट आणि दुसऱ्या ठिकाणी सैल. कीप-१ ला जोडलेली कल-३ ची यंत्रणा त्याच्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावते आणि प्रोटिअसोम या प्रथिने तोडणाऱ्या यंत्रणेत त्याचा चुरा होतो. ताण नसताना त्याचे अर्धायुष्य जेमतेम १५ ते २० मिनिटांचे असते. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा: वरून पाणी येत आहे, पण तळाची तोटी उघडी असल्याने टाकी रिकामीच दिसते. पातळी वाढवायची तर येणारे पाणी वाढवण्याची गरज नाही, तोटी बंद झाली की पुरे.

ही तोटी बंद होते ती कीप-१ वरील सिस्टीन या अमिनो आम्लांमुळे. १५१, २७३ आणि २८८ क्रमांकाची सिस्टीन त्यांत विशेष महत्त्वाची आहेत. त्यांच्या गंधक अणूवर एखादा विद्युतस्नेही (इलेक्ट्रॉन शोधणारा) रेणू चिकटला किंवा त्याचे ऑक्सिडीकरण झाले, की कीप-१ चे खूण लावण्याचे काम बिघडते. जुन्या आकृत्यांत कीप-१ एनआरएफ-२ ला सोडून देतो असा बाण असतो. आजची समजूत वेगळी आहे: धरलेला रेणू कीप-१ पाशीच अडकून राहतो आणि नव्याने तयार झालेले रेणू कोणी न अडवता केंद्रकात जातात. तेथे ते लहान माफ प्रथिनांशी जोडी करतात आणि डीएनएवरील ज्या छोट्या अनुक्रमावर बसतात, त्याला अँटिऑक्सिडंट प्रतिसाद घटक म्हणतात. मग एनक्यूओ-१, हीम ऑक्सिजिनेज-१, ग्लुटाथायोन बनवणाऱ्या विकराचे जीसीएलसी व जीसीएलएम हे दोन घटक, थायोरेडॉक्सिन रिडक्टेज अशी जनुके एकदम चालू होतात.

या आकृतीतून एक गोष्ट मनाशी पक्की करा: येथे नियंत्रण मुख्यतः एनआरएफ-२ च्या निर्मितीचे नसून त्याच्या विनाशाचे आहे. मी सुरुवातीला एनआरएफ-२ चा संदेशवाहक आरएनए मोजत बसलो. तो फारसा वाढला नाही, आणि प्रयोग फसला असे समजून मी दोन आठवडे नवे प्राइमर मागवण्यात घालवले. प्रयोग फसला नव्हता. मी टाकीची पातळी न पाहता वरचा नळ पाहत होतो.

२. प्रश्न एका वाक्यात लिहा, आणि त्यात अँटिऑक्सिडंट हा शब्द येऊ देऊ नका

आपल्याकडे हा विषय घेणारे निम्मे विद्यार्थी एखाद्या वनस्पतीचा अर्क घेतात, डीपीपीएच या मुक्त मूलके टिपण्याच्या चाचणीत जांभळा रंग उतरल्याचे दाखवतात, आणि अर्क पेशींना वाचवतो असा निष्कर्ष काढतात. परीक्षानळीत रंग उडवणे आणि पेशीत जनुक चालू करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एनआरएफ-२ चालू करणारे बहुतेक रेणू स्वतः मुक्त मूलके टिपत नाहीत. ते कीप-१ ला डिवचतात, म्हणजे पेशीच्या दृष्टीने तो सौम्य उपद्रवच असतो.

लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात जो झणका जातो, तो अलिल आयसोथायोसायनेटचा. दाणा फुटून पाणी लागले की मायरोसिनेज हे विकर सिनिग्रिनपासून तो तयार करते. फोडणीत उष्णतेने विकरच निकामी होते, म्हणून तडतडलेली मोहरी तसा झणका देत नाही. ब्रोकोलीतील सल्फोराफेन याच कुळातला. पॉल टॅलाले यांच्या गटाने १९९२ मध्ये तो वेगळा केला आणि आज या क्षेत्रात तो प्रमाण उद्दीपक म्हणून वापरतात. झोंबणारा पदार्थ पेशीचे संरक्षण जागे करतो, ही या विषयाची खरी गंमत आहे.

तेव्हा प्रश्न असा लिहा: अमुक रेणू अमुक संहतीला दिल्यावर अमुक पेशींत एनआरएफ-२ साठतो का, आणि त्यामुळे एनक्यूओ-१ वाढते का? यात ‘त्यामुळे’ हा शब्द सर्वांत महाग आहे; त्याची किंमत नवव्या पायरीत कळेल.

३. पेशी निवडताना घाई करू नका

यकृताच्या हेपजी-२ पेशी नवख्याला सोयीच्या, कारण त्यांत ही यंत्रणा उद्दीपकाला नीट प्रतिसाद देते. शेजारच्या बाकावर फुप्फुसाच्या ए-५४९ पेशी वाढत आहेत म्हणून त्याच घेतल्या, असे मात्र करू नका. ए-५४९ मध्ये कीप-१ च्या जनुकातच उत्परिवर्तन आहे. तोटी कायमची बंद, टाकी आधीच भरलेली. तुम्ही कितीही सल्फोराफेन द्या, फरक नगण्य दिसेल. पण या पेशी टाकाऊ नाहीत. त्यांचा लायसेट (पेशी फोडून मिळालेले द्रावण) वेस्टर्न ब्लॉटमध्ये, म्हणजे प्रतिपिंडाने प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत, उत्तम पॉझिटिव्ह कंट्रोल ठरतो, म्हणून एक फ्लास्क वाढवून थोडा साठा गोठवून ठेवा.

पेशी शक्यतो पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या अधिकृत संग्रहातून घ्याव्यात. कोणीतरी थर्मासमधून दिलेल्या, पॅसेज क्रमांक पुसट झालेल्या कुप्या घेण्यात पैसे वाचतात आणि महिने जातात. मायकोप्लाझ्माची चाचणी पहिल्याच आठवड्यात करून घ्या, कारण दूषित पेशींत ताणाचा प्रतिसाद आधीच बदललेला असतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली काहीही दिसत नाही.

४. साहित्य आणि कागदपत्रे

कागदपत्रे आधी, कारण ती सर्वांत जास्त वेळ खातात:

- गाईडच्या सहीचे प्रकल्पपत्र आणि विभागप्रमुखांची मंजुरी
- जनुक निःशब्द करण्याचा किंवा प्लाझ्मिड घालण्याचा बेत असल्यास संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी (समितीच्या बैठका रोज होत नाहीत)
- पेशी संग्रहाचा मागणी अर्ज आणि पेशींचे ओळख-प्रमाणपत्र
- बाहेरच्या संस्थेतील उपकरण वापरायचे असल्यास तेथील परवानगीपत्र व ओळखपत्र

साहित्य: हेपजी-२ पेशी व माध्यम, सल्फोराफेन किंवा टर्ट-ब्यूटिलहायड्रोक्विनोन, डीएमएसओ (औषध विरघळवण्याचे द्रावक), एमजी-१३२ (प्रोटिअसोम बंद करणारे रसायन), एनआरएफ-२, एनक्यूओ-१ आणि ॲक्टिन यांची प्रतिपिंडे, प्रोटिएज रोधकांचे मिश्रण, आरएनए काढण्याचा संच आणि प्राइमर.

प्रतिपिंडे बर्फात येतात. गणपती किंवा दिवाळीच्या तोंडावर मागणी नोंदवलीत, तर पार्सल सुट्टीत पोहोचून गेटवरच्या केबिनमध्ये तीन दिवस पडून राहील. औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या संस्थांमध्ये दुरुस्तीसाठी वीज किंवा पाणी बंद ठेवण्याचा दिवस येतो, तो आधी विचारून घ्या आणि २४ तासांचा प्रयोग त्यावर येऊ देऊ नका. पावसाळ्यात इनक्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये बुरशी लवकर धरते. जुलैत ट्रेमधले पाणी दर आठवड्याला बदलावे, आणि तेही निर्जंतुक केलेले असावे.

५. मात्रा आणि वेळ ठरवा

पहिला प्रयोग जनुकांचा नसून पेशी जगतात का याचा असतो. सल्फोराफेनच्या १, २.५, ५, १० आणि २० मायक्रोमोलर अशा संहती २४ तास देऊन एमटीटी चाचणी (जिवंत पेशी रंगावरून मोजण्याची) करा आणि ज्या संहतीला पेशी जवळपास सगळ्या जिवंत आहेत, तीच पुढे वापरा. मरणाऱ्या पेशींतील जनुके मोजून काही सिद्ध होत नाही. अर्क वापरत असाल तर काही वेलमध्ये पेशी न घालता फक्त अर्क आणि एमटीटी ठेवा. अनेक अर्क स्वतःच एमटीटीचा जांभळा रंग आणतात, आणि पेशी १४० टक्के जिवंत असल्याचे दिसते.

गणित सोपे ठेवा. डीएमएसओमध्ये १० मिलिमोलरचे मूळ द्रावण करा. सहा वेलच्या प्लेटमध्ये दर वेलला २ मिलिलिटर माध्यम असते. त्यात २ मायक्रोलिटर घातले की १० मायक्रोमोलर संहती मिळते आणि डीएमएसओ ०.१ टक्का राहतो. कमी संहतीसाठी मूळ द्रावण डीएमएसओमध्येच पातळ करा, म्हणजे प्रत्येक वेलमध्ये डीएमएसओ सारखाच राहील. कंट्रोल वेलमध्येही तेवढाच डीएमएसओ घालायचा असतो, आणि हे दर वर्षी कोणीतरी विसरतेच.

वेळेचा क्रम आकृतीवरून आपोआप निघतो. एनआरएफ-२ प्रथिन २ ते ६ तासांत वर येते, लक्ष्य जनुकांचे संदेशवाहक आरएनए साधारण ४ ते १२ तासांत वाढलेले दिसतात, आणि एनक्यूओ-१ प्रथिन दिसायला २४ तास द्यावे लागतात. एकाच २४ तासांच्या नमुन्यात तिन्ही गोष्टी पाहण्याचा हट्ट धरू नका. ०, २, ४, ८ आणि २४ तास असे टप्पे घ्या, आणि औषध उलट क्रमाने घाला, म्हणजे सगळ्या वेल एकाच वेळी संपतील. २४ तासांचे औषध सकाळी नऊला घातले, तर दुसऱ्या दिवशी ८ तासांचे रात्री एकला घालावे लागते, हे ट्रान्सहार्बर लोकलने घरी जाणाऱ्याच्या लक्षात उशिरा येते. सुरुवात संध्याकाळी पाचला करा: दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ८ तासांचे, दुपारी एकला ४ तासांचे, तीनला २ तासांचे, आणि पाचला सगळे गोळा.

६. हायड्रोजन परॉक्साइड वापरणार असाल तर

विषयात ऑक्सिडेटिव्ह हा शब्द आहे म्हणून बहुतेकांना परॉक्साइडच द्यावेसे वाटते. मलाही वाटले. मी २०० मायक्रोमोलर दिले, ४०० दिले, पेशी ढिम्म. तीन आठवड्यांनी माध्यमाच्या बाटलीचे लेबल वाचले तेव्हा कळले की त्यात १ मिलिमोलर सोडियम पायरुव्हेट आहे, आणि पायरुव्हेट परॉक्साइडशी थेट अभिक्रिया करून त्याला संपवते. मी घातलेले औषध पेशींपर्यंत पोहोचण्याआधीच माध्यमात संपत होते. पायरुव्हेट नसलेले माध्यम घ्या.

दुसरे म्हणजे बाटलीवरच्या ३० टक्क्यांवर विश्वास ठेवू नका, कारण उघडलेल्या बाटलीतील परॉक्साइड हळूहळू कमी होत जाते. ताजे ३० टक्क्यांचे द्रावण सुमारे ९.८ मोलर असते. ते हजारपट पातळ करून २४० नॅनोमीटरला मोजा. मोलर शोषणांक ४३.६ धरला तर वाचन ०.४३ च्या आसपास यायला हवे. आमच्या फ्रिजमधल्या बाटलीचे ०.१९ आले होते.

पेशींतील मुक्त मूलके डीसीएफ रंजकाने मोजण्याची प्रथा आहे. ते रंजक परॉक्साइडशी थेट अभिक्रिया करत नाही, त्याला मध्ये लोह किंवा पेरॉक्सिडेज लागते, शिवाय ते प्रकाशानेही चमकू लागते. वापरायचेच असेल तर ताणाचे ढोबळ चिन्ह म्हणून वापरा, अमुक टक्के परॉक्साइड वाढले असे लिहू नका.

७. वेस्टर्न ब्लॉट: येथे सर्वांत जास्त वेळ जातो

एनआरएफ-२ मध्ये ६०५ अमिनो आम्ले असतात आणि हिशोबाने त्याचे वजन सुमारे ६८ किलोडाल्टन येते. मी ब्लॉट केला, ६८ च्या जवळ एक ठसठशीत पट्टी मिळाली, आनंदाने वहीत चिकटवली. ती औषध दिले तरी तेवढीच, न दिले तरी तेवढीच. दोन महिने मी संहती बदलत राहिलो. खरा एनआरएफ-२ जेलमध्ये ९५ ते ११० किलोडाल्टनच्या दरम्यान दिसतो. त्यात आम्लधर्मी अमिनो आम्ले भरपूर असल्याने तो हिशोबापेक्षा सावकाश सरकतो असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. माझी पट्टी प्रतिपिंडाला चुकून चिकटणाऱ्या कुठल्यातरी दुसऱ्याच प्रथिनाची होती. खरी पट्टी त्याच फिल्मवर वर, अंधुक, चार तासांच्या नमुन्यात उठून दिसत होती, आणि मी फिल्मचा तो भाग कापून टाकला होता.

हे टाळण्यासाठी पहिल्याच ब्लॉटमध्ये चार नमुने शेजारी शेजारी लावा: डीएमएसओ, सल्फोराफेन ४ तास, एमजी-१३२ (१० मायक्रोमोलर, ४ तास), आणि ए-५४९. एमजी-१३२ प्रोटिअसोमच बंद करते, त्यामुळे एनआरएफ-२ साठतोच. ज्या उंचीवर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या खणात पट्टी आहे आणि पहिल्यात नाही किंवा फिकट आहे, ती तुमची उंची. जेल ८ टक्क्यांचे घ्या आणि पट्टा कापण्यापूर्वी पूर्ण चित्र जतन करा.

नमुना घेण्याची पद्धतही प्रथिनाच्या अल्प आयुष्याला साजेशी हवी. प्लेट बाहेर काढून फोनवर बोलत उभे राहिलात तर मोजायचे प्रथिन तेवढ्यात कमी होते. प्लेट थेट बर्फावर ठेवा, थंड बफरने एकदा धुवा आणि एसडीएस असलेले गरम बफर ओतून खरवडा. चिकट डीएनए बारीक सुईतून चार-पाच वेळा ओढून तोडा. या बफरमध्ये सुरुवातीला डीटीटी आणि निळा रंग घालू नका, कारण ते बीसीए पद्धतीने प्रथिन मोजण्यात अडथळा आणतात. मोजून झाल्यावर घाला. ॲक्रिलामाइडचे द्रावण मज्जासंस्थेला घातक आहे, तेव्हा उकाडा कितीही असो, हातमोजे काढून जेल ओतू नका.

८. आरएनए: मोजा आणि वाहून न्या

एनक्यूओ-१, जीसीएलएम आणि थायोरेडॉक्सिन रिडक्टेज-१ ही तीन जनुके पुरेशी आहेत. हीम ऑक्सिजिनेज-१ सर्वांत नाट्यमय वाढते, म्हणून सगळ्यांना ते आवडते. पण त्याच्यावर बाक-१ हा दमन करणारा घटकही बसलेला असतो, आणि हीम, जड धातू यांनीही ते वाढते. एकट्या त्याच्या जोरावर एनआरएफ-२ चालू झाला असे म्हणू नका. संदर्भासाठी दोन जनुके घ्या आणि औषधाने ती हलत नाहीत हे आधी तपासा.

आमच्याकडे रिअल-टाइम पीसीआर यंत्र नव्हते. ते ठाण्यातील एका संस्थेत होते. मे महिन्यात थर्माकोलच्या डब्यात आरएनए घेऊन मी निघालो, ठाणे स्थानकाच्या पुलावरच्या गर्दीत वीस मिनिटे गेली, आणि पोहोचेपर्यंत बर्फाचे पाणी होऊन कुप्या त्यात तरंगत होत्या. आरएनए कोमट पाण्यात टिकत नाही. नंतर शहाणा झालो: आपल्याच प्रयोगशाळेत साध्या पीसीआर यंत्रावर सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) करून घ्यायचा आणि तो न्यायचा, तो पुष्कळ दणकट असतो. कोरडा बर्फ लोकलमध्ये नेऊ नका, त्यातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड बंद गर्दीत धोक्याचा आहे.

९. ‘त्यामुळे’ हा शब्द सिद्ध करा

एनआरएफ-२ वाढला आणि एनक्यूओ-१ वाढले, यावरून पहिल्यामुळे दुसरे झाले असे ठरत नाही. त्यासाठी छोट्या हस्तक्षेपी आरएनएने एनआरएफ-२ निःशब्द करा आणि मग औषध द्या. एनक्यूओ-१ ची वाढ गळाली, तरच ‘त्यामुळे’ लिहिता येते. याच नमुन्यात ९५ ते ११० मधली पट्टीही नाहीशी व्हायला हवी, म्हणजे प्रतिपिंडाचीही परीक्षा होते.

एन-ॲसिटिल सिस्टीन देऊन परिणाम थांबला, म्हणून मुक्त मूलकेच कारण होती, असा निष्कर्ष प्रबंधांत फार दिसतो. हा सापळा आहे. सल्फोराफेनसारखा रेणू एन-ॲसिटिल सिस्टीनच्या गंधकाला थेट चिकटतो, त्यामुळे औषध कीप-१ पर्यंत पोहोचण्याआधीच अडकते. परीक्षक जाणकार असेल तर हाच प्रश्न विचारेल.

निष्कर्षाच्या परिच्छेदात आरोग्याची आश्वासने देऊ नका. हा मार्ग दुधारी आहे: फुप्फुसाच्या अनेक कर्करोगांत कीप-१ बिघडलेले असते आणि कायम चालू राहिलेला एनआरएफ-२ गाठीलाच औषधांपासून वाचवतो. दुसऱ्या बाजूला, हाच मार्ग चालू करणारे डायमिथिल फ्युमरेट २०१३ मध्ये अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिससाठी आणि ओमाव्हेलोक्सोलोन २०२३ मध्ये फ्रीडरीच अटॅक्सियासाठी मान्य झाले. सहा वेलच्या प्लेटवरून या दोहोंपैकी कुठल्याही बाजूला उडी मारता येत नाही.

आकडेवारीत एकाच दिवशी केलेल्या तीन वेलना तीन प्रयोग म्हणू नका. वेगवेगळ्या आठवड्यांत, वेगळ्या पॅसेजच्या पेशींवर तीनदा केलेले काम म्हणजे तीन. वेळापत्रक मागून मोजा: प्रबंध देण्याची तारीख, त्याआधी लिहिण्याचे तीन आठवडे, आणि त्याआधी या तीन फेऱ्यांसाठी किमान दीड महिना मोकळा. तोंडी परीक्षेला जाताना न कापलेल्या सगळ्या ब्लॉट्सची एक वेगळी फाइल बरोबर ठेवा. मला पहिलाच प्रश्न ‘याचा वरचा भाग कुठे आहे?’ असा आला होता, आणि या वेळी तो भाग फाइलमध्ये होता.